गरम पाण्याच्या पाइपला पांघरूण

आज आम्ही एका साध्या गोष्टीबद्दल बोलणार आहोत. छतावरच्या सोलरपासून खाली न्हाणीपर्यंत गरम पाण्याचा जो पाइप येतो, त्याबद्दल. तुमच्या घरचा हा पाइप उघडा आहे का झाकलेला? हातातलं काम न थांबवता जरा आठवून बघा. पुष्कळ जणींना आठवणारच नाही, कारण त्या पाइपकडे कुणी बघतच नाही. बघायचं ते नळाकडे. ऊन पाणी आलं का नाही, एवढंच.

आम्ही माण-खटावकडच्या एका बचत गटातल्या बाया. आमच्याकडे पाण्याचं काय मोल आहे ते तुम्हांला सांगायला नको. पावसानं ओढ दिली की टँकरची वाट बघायची, ड्रम भरून ठेवायचे आणि तांब्या-तांब्याचा हिशोब करायचा. आमच्या सासूबाईंच्या काळात आंघोळीला तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत चिपाडं, गोवऱ्या घालायच्या आणि भोवतीचं पाणी तापवायचं. बंब न्हाणीच्या दारातच असायचा, त्यामुळं पाणी तापलं की दोन पावलांवर बादली. आता बऱ्याच घरांवर सोलर आलं. जळण वाचलं, धूर गेला, पहाटेचं फुंकणं गेलं. हे सगळं चांगलंच झालं. पण पाणी तापतं एकीकडे आणि आंघोळ होते दुसरीकडे. मधल्या वाटेत काय होतं, ते आज बघू.

आधी एक प्रश्न विचारतो. तुमच्या घरात सगळ्यांत मागून आंघोळ कोण करतं?

उत्तर सगळीकडे एकच आहे. आधी शाळेची पोरं, मग कामावर जाणारे, मग म्हातारी माणसं. घरची बाई धार काढून, झाडलोट करून, डबे भरून झाल्यावर न्हाणीत शिरते. तोवर मागच्या आंघोळीला अर्धा-पाऊण तास होऊन गेलेला असतो. ती नळ सोडते तर पाणी गार. टाकीत ऊन पाणी आहे, पण ते यायला आधी पाइपमधलं गार पाणी सोडून द्यायला लागतं. ते सोडायला तिचं मन होत नाही, कारण ते पाणी भरण्यात तिचाच जीव गेलेला असतो. मग ती गार पाण्यानंच अंग धुते, नाहीतर चुलीवर पातेलं चढवते. घरावर सोलर असून पौष महिन्यात बाईनं गार पाण्यानं आंघोळ करायची, हे आम्ही घराघरांत बघितलं आहे. म्हणून हा विषय आम्हांला बोलावासा वाटला.

आता जुन्या घरात पाइप एवढा लांब का असतो? त्याला कारण आहे. आपली जुनी घरं माळवदाची, नाहीतर कौलांची, पत्र्याची. 100 लिटरची टाकी भरली की नुसतं पाणीच 100 किलोचं. त्यात टाकी, नळ्या आणि लोखंडी स्टँड. एवढं वजन माळवदावर किंवा कौलांवर ठेवता येत नाही. म्हणून सोलर बसतं ते मागाहून बांधलेल्या स्लॅबच्या खोलीवर. ती खोली घराच्या एका अंगाला आणि न्हाणी परसात दुसऱ्या अंगाला. मग पाइप स्लॅबवरून उतरतो, दगडी भिंतीच्या कडेकडेनं वळसा घालतो आणि न्हाणीत शिरतो. सहज 40 फूट होतात. बसवणारा माणूस पाइप जोडतो, नळ चालू करून दाखवतो आणि जातो. पाइप वाऱ्यावर उघडाच राहतो.

या 40 फुटांचा हिशोब करू. पाऊण इंची पाइपमध्ये दर 10 फुटांना साधारण 1 लिटर पाणी मावतं. अर्धा इंची असेल तर अर्धा लिटर, एक इंची असेल तर दीड लिटर. म्हणजे 40 फूट पाऊण इंची पाइपमध्ये 4 लिटर पाणी उभं राहतं. एकाची आंघोळ झाली, नळ बंद झाला, की हे 4 लिटर तिथंच अडकतं. ते आत्ताच टाकीतून आलेलं, चांगलं कढत पाणी असतं. थंडीच्या सकाळी, त्यातून वारा असला, तर उघड्या पाइपमधलं पाणी अर्ध्या तासात कोमट होतं आणि तासाभरात गार. दुसरं माणूस येतं, ते गार पाणी सोडून देतं.

घरात 5 माणसं आहेत आणि प्रत्येकाच्या आंघोळीत असं अंतर पडतं असं धरा. 5 वेळा 4 लिटर म्हणजे 20 लिटर. एक मोठी बादली रोज मोरीत जाते. आणि नुसतं पाणी गेलं असं नाही. ते 20 लिटर आधी टाकीत तापलेलं होतं. 100 लिटरच्या टाकीतला पाचवा हिस्सा भिंतीवरच गार झाला. एवढंच पाणी विजेच्या हिटरवर 20 अंशांपासून 60 अंशांपर्यंत तापवायचं म्हटलं तर जवळजवळ 1 युनिट वीज लागते. मग घरचे म्हणतात, सोलर लहान पडतं, मोठं घ्यायला पाहिजे. बायांनो, मोठं घेण्याआधी पाइप बघा.

पाइपला पांघरूण घातलं की काय होतं? इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. पांघरूण ऊब तयार करत नाही, असलेली ऊब धरून ठेवतं. गोधडी कपाटात ठेवली तर ती गरम असते का? नसते. आत माणूस शिरलं की त्याचीच ऊब आत राहते. पाइपचंही तसंच. चांगलं झाकलेल्या पाइपमधलं पाणी तासभर तरी आंघोळीपुरतं ऊन राहतं. म्हणजे पहिली आंघोळ आणि सगळ्यांत मागची आंघोळ यांच्यामध्ये पाइप गार पडत नाही. पण रात्रभर काही ते ऊन राहणार नाही. पहाटे पहिल्यांदा नळ सोडला की पाणी गारच येणार, पाइप झाकलेला असो वा नसो. दुकानदार काहीही सांगो, यात फसू नका.

म्हणून आमच्या हिशोबात पहिल्या आंघोळीचे 4 लिटर वाचत नाहीत. बाकीच्या चार वेळचे 16 लिटर वाचतात. महिन्याला 480 लिटर. 200 लिटरचे दोन ड्रम भरून वर उरतं. आणि पहाटेचं ते पहिलं 4 लिटर गार पाणीसुद्धा मोरीत सोडायचं नाही. नळाखाली कळशी धरायची. भांड्याला, जनावराला, झाडाला ते चालतं.

आता काम कसं करायचं ते सांगतो.

सुरुवात पाहणीपासून. टेप, दोरी आणि खडू घ्या. टाकीपासून न्हाणीपर्यंत पाइपच्या मागं मागं चालत जा. टाकीत जाणारा पाइप गार पाण्याचा, टाकीतून निघणारा गरम पाण्याचा. दोन्ही शेजारी शेजारी असतात आणि दिसायला सारखे असतात. खालचा नळ थोडा वेळ सोडा आणि पाइपला फडकं धरून हात लावा, कळेल. गरम पाइपवर खडूनं खूण करा. लांबी मोजून लिहून ठेवा. किती ठिकाणी पाइप वळतो, किती व्हॉल्व्ह आहेत, तेही लिहा. पाइपची जाडी सांगता येत नसेल तर त्याच मापाचा तुकडा दुकानात घेऊन जा. तुकडा नसेल तर पाइपभोवती दोरी गुंडाळून तेवढी कापून न्या.

पाहणीत आधी गळती शोधा. गळक्या पाइपवर पांघरूण घातलं तर ते भिजतं, आतला लोखंडी पाइप गंजतो आणि गळती झाकली गेल्यानं कुणाला कळतही नाही. जोड गळत असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या. लोखंडी पाइपला गंज असेल तर तारेच्या ब्रशनं खरवडा, लाल ऑक्साइड लावा, वाळू द्या. पाइप दगडी भिंतीला चिकटून असेल तर दगड त्यातली उष्णता ओढून घेतो. भिंत आणि पाइप यांच्यात लाकडाची ठोकळी बसवून बोटभर जागा करून घ्या. पांघरूण गुंडाळायलाही ती जागा लागते.

मग घरच्या माणसांबरोबर बसून विचार करा, की हा पाइप कुठं कमी करता येईल का? उगाच घातलेला वळसा काढून 10 फूट वाचले, तर ते कुठल्याही पांघरुणापेक्षा चांगलं. नसलेला पाइप गार पडत नाही.

आता पांघरुणाचं सामान. दुकानात काळी रबरी फोमची नळी मिळते. नायट्राइल रबर म्हणून मागा. ती पाइपच्या मापाची घ्यायची, सैल नको. जाडी अर्ध्या इंचाच्या आसपास, म्हणजे 13 मिलिमीटर असली की आपल्याकडं पुरते. पहिल्या अर्ध्या इंचानं सगळ्यांत मोठा फरक पडतो. जाडी दुप्पट केली म्हणून फायदा दुप्पट होत नाही. पांढऱ्या फोमची नळी स्वस्त असते, पण उन्हात लवकर तडकते. काळीसुद्धा उघड्या उन्हात टिकत नाही. म्हणून कुठलीही घेतली तरी वरून उन्हापासून आडोसा लागतो. त्याला ॲल्युमिनियमची चिकटपट्टी चालते. नाहीतर मोठ्या मापाचा जुना पीव्हीसी पाइप उभा चिरून वरून टोपणासारखा बसवता येतो.

गरम पाण्याचा पाइप सीपीव्हीसीचा, म्हणजे फिकट पिवळसर प्लास्टिकचा असेल, तर आडोशाचा आणखी एक फायदा आहे. तो पाइप उष्णता सोसतो, पण वर्षानुवर्षांचं ऊन सोसत नाही. झाकल्यानं तो ठिसूळ पडायचा वाचतो.

विकत घ्यायची ऐपत नसेल तर घरचं सामानही चालतं. काथ्याची दोरी पाइपभोवती जवळजवळ गुंडाळत न्या, वेढ्याला वेढा लागून. त्यावर दुसरा थर. त्यावर गोणपाट आणि सगळ्यांत वर प्लास्टिकचा कागद. हे विकतच्या नळीइतकं टिकत नाही. दर पावसाळ्यानंतर उघडून बघायला लागतं. पण कोरडं असेपर्यंत काम करतं. कोरडं, हा शब्द लक्षात ठेवा. ऊब धरते ती पांघरुणात अडकलेली हवा. गोणपाट भिजलं की हवेच्या जागी पाणी बसतं, आणि ओलं पांघरूण नसल्यासारखंच. म्हणूनच ते दोरीनं करकचून आवळायचंही नाही. दाबून चपटी झालेली गोधडी जशी ऊब देत नाही, तसंच.

बांधायचं कसं? सकाळी लवकर काम करा, पाइप गार असतो. टाकीचा व्हॉल्व्ह बंद ठेवा. पाइप पुसून कोरडा करा. फोमची नळी लांबीत चिरलेली नसेल तर कात्रीनं चिरून घ्या आणि पाइपवर चढवा. आडव्या पाइपवर चीर खालच्या अंगाला ठेवा, म्हणजे पाऊस आत शिरणार नाही. दोन तुकड्यांच्या मध्ये फट ठेवू नका. नळी ताणून फट भरायला जाऊ नका, थंडीत ती आकसते आणि फट पुन्हा उघडते. वळणावर दोन्ही तुकडे तिरके कापून जुळवा, चौकटीच्या कोपऱ्यासारखे. बऱ्याच घरी सरळ पाइप छान झाकलेला असतो आणि वळणं उघडी असतात. तिथूनच ऊब जाते.

उभ्या पाइपवर चिकटपट्टी गुंडाळताना खालून सुरुवात करा आणि वर चढत जा. वरचा वेढा खालच्या वेढ्यावर थोडा चढला पाहिजे. घर शाकारताना कौलं कशी लावतात? पागोळीकडून सुरुवात करून आढ्याकडे. म्हणजे पाणी वरच्या कौलावरून खालच्या कौलावर घसरतं. उलटं लावलं तर पाणी आत. इथंही तोच नियम.

तुमचं सोलर काचेच्या नळ्यांचं नसून चपट्या पेटीचं असेल, तर पेटी आणि टाकी यांना जोडणारे जे आखूड पाइप असतात, ते सगळ्यांत आधी झाकायचे. आपण नळ सोडू वा न सोडू, दिवसभर त्यांच्यातून ऊन पाणी फिरत असतं.

आता काय करायचं नाही ते नीट ऐका. टाकीवर उघड्या तोंडाची एक उभी नळी असते, हवेसाठी. तिचं तोंड कधीही झाकायचं नाही, बांधायचं नाही. ती बंद झाली तर टाकी फुगू शकते, नाहीतर पाणी ओढलं जाताना आत दबू शकते. व्हॉल्व्हची मूठ आणि टाकी धुवायचं बूच मोकळं ठेवा. ॲस्बेस्टॉसच्या जुन्या पत्र्याचे तुकडे फोडून पाइपभोवती लावू नका. कुठं जुन्या पाइपवर पांढरट तंतूंचं आवरण असेल तर ते खरवडू नका. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर वर्षांनंतर मोठा आजार होतो. थर्माकोलही नको. उन्हाळ्यात सोलरचं पाणी फार तापतं, तेव्हा तो मऊ पडून आकसतो. काचलोकर वापरणार असाल तर हातमोजे घाला, तोंडाला पदर नाही, चांगला मास्क लावा, आणि पोरांना लांब ठेवा. पाइप चुलीजवळून किंवा बंबाजवळून जात असेल तर तिथं फोम, गोणपाट काहीच नको, ते पेट घेतं. आणि शिडीवर एकटीनं चढायचं नाही. एक वर, एक खाली शिडी धरून.

काम झाल्यावर एक सवय बदलायला लागते, आणि ती महत्त्वाची आहे. आधी नळ सोडला की गार पाणी यायचं, मग कोमट, मग ऊन. आता दुसऱ्या-तिसऱ्या आंघोळीला एकदम कढत पाणी येईल. 60 अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं, लहान मुलाची तर त्याहून लवकर. म्हणून बादलीत आधी विसणाचं गार पाणी घ्या, मग ऊन सोडा. बाळाला न्हाऊ घालताना कोपर बुडवून बघा. म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना हे घरात दोनदा सांगा.

आणि आंघोळी लागोपाठ करा. पांघरूण तासभर साथ देतं, दुपारपर्यंत नाही. घरातली बाई दहा वाजता न्हाणीत शिरणार असेल तर कुठलंही पांघरूण तिला पुरणार नाही. तेव्हा घरात बसून एकदा ठरवा, की सकाळच्या रांगेत तिचाही नंबर असेल. तेवढा वेळ डबा दुसरं कुणी भरेल. हे काम कात्री आणि चिकटपट्टीनं होत नाही, ते बोलूनच होतं. आमच्या गटातल्या काही घरांत ते झालं आहे, काही घरांत अजून बोलणं चालू आहे.

गटाचा फायदा कुठं? एकेकटीनं 40 फूट सामान आणायला गेलं तर दुकानदार किरकोळ भाव लावतो. आम्ही सगळ्या घरांची मापं एका वहीत लिहिली, दोन दुकानांत भाव विचारला आणि एकदम आणलं. उरलेले तुकडे वळणांना कामाला आले. पहिल्या घरी दोघी-तिघींनी मिळून काम केलं, बाकीच्या बघायला आल्या. दुसऱ्या घरापासून कुणाला शिकवायला लागलं नाही.

तुम्हीही गटाच्या पुढच्या बैठकीआधी एवढं करा. एका सकाळी, मागच्या आंघोळीनंतर अर्ध्या तासानं नळाखाली बादली धरा. ऊन पाणी येईपर्यंत किती लिटर गार पाणी पडलं ते मोजा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. आकडा वहीत लिहून बैठकीला आणा. पाइप झाकल्यावर त्याच वेळी पुन्हा मोजा. दोन आकडे शेजारी ठेवले की घरात कुणाला पटवायला लागणार नाही.

पाणी आपण भरतो, जळण आपण आणतो. मग ऊन पाण्यात आपलाही वाटा असायला पाहिजे.